पायथॉनमध्ये साधा मेनू बनवतोय: काम झालं की परत मेनू यावा आणि काहीही टाईप केलं तरी प्रोग्राम पडू नये

हरिपूरकर
नमस्कार मंडळी. मी बीकॉमला आहे, आम्हाला कॉलेजात प्रोग्रामिंग नाही पण व्हिडिओ बघून बघून पायथॉन शिकतोय. हरिपुरात मामाचं किराणा दुकान आहे आणि तिथली उधारी अजून लाल वहीत चालते. एका गिऱ्हाइकाला एक पान, पान भरलं की पुढं जे मोकळं पान सापडेल ते घ्यायचं आणि आधीच्या पानाच्या कोपऱ्यात "पुढे पान ८४" असं लिहून ठेवायचं. संध्याकाळी गर्दीत कुणी विचारलं की माझी बाकी किती, तर मामाला तीन पानं उलटायला लागतात आणि तोवर मागं चार जण उभे.

म्हणून ठरवलं की दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर साधा मेनू करायचा. बटणं खिडक्या काही नको, नुसता मजकूर, आकडा टाकायचा आणि एंटर. असा:

१. उधारी लिहा
२. जमा लिहा
३. एकाची बाकी बघा
४. सगळ्यांची यादी
०. बंद करा

प्रिंट करून मेनू दिसतोय, इनपुट घेतोय, खाली इफ एलिफ लावलेत, पण एक काम झालं की प्रोग्राम संपतो आणि परत चालू करायला लागतोय. आणि आकड्याऐवजी अक्षर दाबलं गेलं की लाल रंगात इंग्रजी एररचा ढीग येतो, मामा ते बघून घाबरतो. हे दोन्ही कसं सोडवायचं ते नीट समजून घ्यायचंय, नुसता तयार कोड नकोय.

कृष्णाकाठ
विषय चांगला काढलास भावा. नवीन माणसानं पहिला खरा प्रोग्राम करायचा तर मेनूच करावा, कारण त्यात लूप, अट, फंक्शन, चुकीचं इनपुट सगळं एकदम येतं आणि वर खऱ्या कामाला उपयोगी पडतं.

मेनूची कामं चारच: दाखवायचं, विचारायचं, ठरवायचं, आणि परत पहिल्यापासून. तुझ्याकडे पहिली तीन आहेत, चौथं नाही, म्हणून प्रोग्राम खालच्या ओळीपर्यंत जातो आणि संपतो. सगळं एका व्हाइलच्या आत घाल. खाली वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय, व्हाइल, इफ, ब्रेक वगैरे तू नेहमीसारखे इंग्रजीतच टाईप कर:

व्हाइल ट्रू:
    मेनू_दाखवा()
    निवड = इनपुट("पर्याय टाका: ").स्ट्रिप()
    इफ निवड == "१":
        उधारी_लिहा()
    एलिफ निवड == "२":
        जमा_लिहा()
    (३ आणि ४ पण असेच)
    एलिफ निवड == "०":
        ब्रेक
    एल्स:
        प्रिंट("असा पर्याय नाही, वरचा एक आकडा टाका")

व्हाइल ट्रू बघून काही जण बिचकतात की हे कायमचं फिरत राहणार, तर हो, फिरतच राहायला पाहिजे, दुकान उघडं आहे तोवर मेनू समोर असलाच पाहिजे, आणि बाहेर पडायचा रस्ता एकच, तो ब्रेक.

आता एररचं. तू बहुतेक इनपुटवर लगेच इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलायस. पायथॉन ३ मध्ये इनपुट नेहमी मजकूरच देतं, त्याचा आकडा करायला गेलं आणि आत "क" असलं की व्हॅल्यूएरर येतो. नुसतं एंटर दाबलं तरी येतो, कारण रिकाम्या मजकुराचा आकडा होत नाही. पर्यायाच्या आकड्यानं आपण बेरीज वजाबाकी करत नाही, मग आकडा करायचाच कशाला? मजकूर म्हणूनच तुलना कर, काहीही टाकलं तरी फार तर एल्समध्ये जाईल. मात्र स्ट्रिप विसरू नको, चुकून स्पेस पडली तर "१ " आणि "१" पायथॉनला वेगळे वाटतात.

आणि एक, जुन्या पुस्तकात किंवा जुन्या व्हिडिओत रॉ_इनपुट दिसलं तर ते पायथॉन २ चं समज. त्यातलं इनपुट वेगळं होतं, टाईप केलेलं सरळ चालवून बघायचं. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, ते मटेरियल बाजूला ठेव.

मिरज_लाईन
मी असंच बिल करायचं केलंय पण व्हाइल वापरला नाही. प्रत्येक फंक्शनच्या शेवटी परत मेनू() बोलावतो, काम झालं की मेनू येतो आपोआप. माझं तर व्यवस्थित चालतंय, मग व्हाइल कशाला पाहिजे?

कृष्णाकाठ
मिरज_लाईन, चालतंय ते थोडा वेळ चालवल्यामुळं. मेनूनं उधारीला बोलावलं, उधारीनं शेवटी परत मेनूला बोलावलं, पण पहिला मेनू संपलेला नाही, तो उधारी परत यायची वाट बघत मागं तसाच उभा आहे. प्रत्येक नोंदीला अशी दोन फंक्शनं मागं अडकत जातात. पायथॉन डिफॉल्टला साधारण १००० च्या खोलीपर्यंत हे सहन करतं, मग रिकर्शनएरर देऊन बंद पडतं. म्हणजे पाचशे नोंदींच्या आतच. रोज सकाळी नवीन चालू केला तर कदाचित कधी दिसणारच नाही, पण यात्रेच्या नाहीतर दिवाळीच्या दिवशी भर गर्दीत पडेल.

आणि बंद करताना पण घोळ आहे. ० दाबून रिटर्न केलंस तर सगळ्यात आतला मेनू संपतो आणि प्रोग्राम मागच्या अर्धवट फंक्शनांतून एक एक करत परत येतो, तिथं मेनू() नंतर एखादी ओळ राहिली असेल तर ती आता चालते, आणि कळत नाही हे कुठून आलं. फंक्शननं आपलं काम करावं आणि परत यावं. परत मेनू दाखवायचा की नाही हे लूपनं ठरवावं.

हरिपूरकर
खूप धन्यवाद दादा, व्हाइल लावला आणि मस्त चालायला लागलं. मामाला दाखवलं, त्याला आवडलं पण लगेच एक गंमत झाली. मामानं गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाकायला कीबोर्ड मराठीवर केला आणि पुढच्या वेळी तसाच ३ दाबला, तर प्रोग्राम म्हणतोय असा पर्याय नाही! स्क्रीनवर तर ३ च दिसतोय. मामा म्हणतोय मी बरोबर दाबलंय, आणि त्याचं बरोबरच आहे. काय करू?

साताऱ्याची_ताई
अगदी बरोबर आहे मामांचं. मी साताऱ्यात मुलांना कॉम्प्युटर शिकवते, आमच्याकडे हा प्रश्न कायम येतो आणि तो फक्त आपल्यालाच येतो, इंग्रजी व्हिडिओवाल्यांना कधी सुचणारच नाही. इंग्रजी कीबोर्डचा तीन आणि मराठी कीबोर्डचा तीन ही कॉम्प्युटरला दोन वेगळी अक्षरं आहेत. कृष्णाकाठ यांनी वर वाचायला देवनागरी लिहिलंय पण तुझ्या कोडमध्ये इंग्रजी आकडे असणार, म्हणून तुलना जुळत नाही.

उपाय पायथॉनमध्येच आहे. इंट() ला देवनागरी आकडे कळतात! मराठी ३ द्या नाहीतर इंग्रजी तीन द्या, दोन्हीचं उत्तर एकच येतं. १२५ सारखा पूर्ण आकडा पण चालतो, आणि फ्लोट() ला १२.५ पण चालतं. आजूबाजूची स्पेस तो स्वतःच काढून टाकतो. म्हणून माझं मत इथं कृष्णाकाठ यांच्यापेक्षा वेगळं आहे, मराठी माणसासाठी मेनू असेल तर आकडा करूनच घ्यावा, फक्त ट्रायच्या आत:

ट्राय:
    निवड = इंट(इनपुट("पर्याय टाका: "))
एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
    प्रिंट("फक्त आकडा टाका, मराठी किंवा इंग्रजी कुठलाही")
    कंटिन्यू

आणि मग खाली तुलना आकड्याशी, अवतरणचिन्हं काढून. कंटिन्यूमुळं बाकीचं सगळं सोडून लूप परत वर जातो आणि मेनू पुन्हा येतो.

दोन गोष्टी जपा. नुसतं एक्सेप्ट लिहू नका, पुढं व्हॅल्यूएरर लिहाच. मोकळं एक्सेप्ट सगळंच गिळतं, अगदी कंट्रोल सी दाबून प्रोग्राम थांबवायला गेलात तरी ते पण गिळतं आणि मेनू परत समोर. दुसरं, ट्रायच्या आत फक्त ती एकच ओळ ठेवा. मुलं अख्खा मेनू ट्रायमध्ये घालतात, मग उधारीच्या फंक्शनमध्ये रक्कम चुकली तरी "फक्त आकडा टाका" असं येतं आणि खरी चूक कुठं आहे ते सापडत नाही.

आकडा आहे का बघायला इजडिजिट वापरणारे पण खूप आहेत. त्यापेक्षा ट्राय बरा. वर्गाचं चिन्ह असतं ना, वर चढवलेला छोटा दोन, त्याला इजडिजिट हो म्हणतं आणि इंट नाही म्हणतं.

कृष्णाकाठ
ताई, मान्य. मराठी आकड्यांसाठी तुमचीच पद्धत बरोबर. हरिपूरकर, ताईंचं कर.

पतसंस्था_निवृत्त
धागा वाचून बरं वाटलं. मी नव्वदच्या दशकात तासगावकडं एका पतसंस्थेत होतो, तिथं काळ्या स्क्रीनवर फॉक्सप्रोमध्ये सगळं चालायचं, ॲट प्रॉम्प्ट आणि मेनू टू एवढ्यावर मेनू उभे राहायचे. आमचा कॅशियर स्क्रीनकडे बघायचा सुद्धा नाही. नजर नोटांवर, उजवा हात बाजूच्या आकड्यांच्या कीपॅडवर, २ दाबून एंटर, खातं नंबर एंटर, रक्कम एंटर, झालं. मी ते बघून बघून जे शिकलो ते सांगतो.

मेनूतला आकडा एकदा दिला की बदलू नये. पुढच्या महिन्यात तुला नवीन पर्याय सुचेल आणि वाटेल की हा २ नंबरला शोभतो, बाकीचे खाली सरकवू. अजिबात नको. मामांचा हात २ म्हणजे जमा असा बसलेला असेल, तो डोकं न वापरता २ दाबणार आणि जमेच्या जागी भलतीच नोंद पडणार. नवीन पर्याय कायम शेवटी. आणि बंद करायला ० ठेवलंयस ते फार चांगलं केलंस, वर कितीही वाढले तरी ० हलत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. नोंदी कुठं साठवतोस? पुष्कळ पोरं सगळं लिस्टमध्ये ठेवतात आणि ० दाबलं की मग फाइलमध्ये लिहितात. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावालाच. लाईट गेली की दिवसभराची उधारी गेली. नोंद झाली की त्याच क्षणी फाइलच्या शेवटी एक ओळ जोडायची आणि फाइल बंद करायची, मगच मेनूवर यायचं.

तिसरं, त्या फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानाबाहेर, उंचावर ठेवायची. हरिपूर संगमावरचं गाव आहे, तुला काय सांगायचं. २०१९ च्या ऑगस्टला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. वही भिजते तसा लॅपटॉप पण भिजतो.

हरिपूरकर
काका, फार मोलाचं सांगितलंत. मी खरंच लिस्टमध्येच ठेवत होतो, आज बदलतो. २०१९ ला मामाच्या दुकानात पाणी आलेलं, हळदीच्या पेवांत पण पाणी शिरतं आमच्याकडं, त्यामुळं पेन ड्राइव्हचं मामाला लगेच पटलं, आत्याच्या घरी दुसऱ्या मजल्यावर ठेवणार आहे.

फाइलमध्ये मराठी नाव लिहायला गेलो की युनिकोडएन्कोडएरर येतोय, त्याचं काय?

कृष्णाकाठ
विंडोज आहे ना? तिथं ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) दिलं नाही तर बहुतेक वेळा विंडोजचं जुनं इंग्रजी एन्कोडिंग घेतलं जातं आणि त्यात देवनागरी बसतच नाही. ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिही. लिहिताना पण आणि वाचताना पण, एकीकडं लिहिलं आणि दुसरीकडं विसरलं तर नावांचा कचरा दिसतो. सीएसव्ही असेल तर न्यूलाइन रिकामं दे, नाहीतर विंडोजवर एक ओळ सोडून एक मोकळी ओळ येते. फाइल विथ वापरून उघड, म्हणजे काकांनी सांगितलं तसं ओळ लिहून झाली की आपोआप बंद होते.

डिप्लोमा_पोरगं
मध्येच विचारतो, मला हाच मेनू सी मध्ये करायचाय प्रॅक्टिकलला. डू व्हाइल आणि स्विच लावलंय. आकडा टाकला की बरोबर, पण अक्षर टाकलं की मेनू थांबतच नाही, स्क्रीनवर वर वर पळत राहतो. सर म्हणतात आकडाच टाका. पण कारण काय ते कळेना.

साताऱ्याची_ताई
कारण समजून घे, तोंडी परीक्षेत पण विचारतात. स्कॅनएफ ला तू पूर्णांक वाच म्हणून सांगितलंस. तू टाईप केलंस "क". स्कॅनएफ नं बघितलं, हा आकडा नाही, म्हणून त्यानं ते अक्षर उचललंच नाही, होतं तिथंच ठेवलं. तुझ्या व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत राहिली, स्विच झालं, लूप परत वर आला, परत स्कॅनएफ, आणि समोर तेच "क". तो तुझी वाट बघतच नाही कारण त्याच्या दृष्टीनं इनपुट अजून शिल्लक आहे. म्हणून पळत सुटतो.

स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतं, ते तपास, १ आला नाही तर ओळीच्या शेवटापर्यंतची अक्षरं गेटकॅरनं एक एक वाचून टाकून दे. त्याहून सरळ म्हणजे एफगेट्सनं अख्खी ओळच वाचायची आणि मग त्यातून आकडा काढायचा. मराठी आकडा मात्र सी मध्ये असा आपोआप नाही चालणार.

आणि स्विचमध्ये प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक आहे ना बघ, नाहीतर उधारी लिहून झाली की लगेच खालची जमा पण चालते. तो ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, लूपमधून नाही, म्हणून बाहेर पडायची अट डू व्हाइलच्या शेवटी लिहायची.

डिप्लोमा_पोरगं
ताई, स्कॅनएफ तपासून बाकीची अक्षरं काढून टाकली, लगेच थांबलं. एकदम क्लिअर झालं.

मिरज_लाईन
मी पण व्हाइलवर आणलं माझं. आता माझ्याकडं अकरा पर्याय झालेत आणि एलिफची रांग लई लांब झाली. पायथॉनमध्ये स्विच नाही का?

कृष्णाकाठ
मॅच केस आहे, ३.१० पासून, २०२१ ला आलं. पण मेनूसाठी मला डिक्शनरी जास्त आवडते. आकडा ही की आणि समोर दोन गोष्टी, मेनूत दिसायचं नाव आणि चालवायचं फंक्शन:

पर्याय = {
    १: ("उधारी लिहा", उधारी_लिहा),
    २: ("जमा लिहा", जमा_लिहा),
    ३: ("एकाची बाकी बघा", बाकी_बघा),
    ४: ("सगळ्यांची यादी", यादी_दाखवा),
}

(इथले आकडे कोडमध्ये इंग्रजीच लागतात. नावं मात्र मराठीत ठेवता येतात, पायथॉन ३ ला उधारी_लिहा हे फंक्शनचं नाव चालतं.)

मेनू छापायचा तर याच डिक्शनरीवर फॉर लूप फिरवायचा, आणि निवड आली की ती पर्यायमध्ये आहे का बघायचं, असेल तर समोरचं फंक्शन चालवायचं. याचा मोठा फायदा असा की स्क्रीनवर दिसणारी यादी आणि आतलं काम एकाच जागी राहतं. एलिफच्या रांगेत काय होतं, कुणीतरी मेनूत ५ छापतो आणि खाली एलिफ लिहायचा राहतो, किंवा उलटं.

डिक्शनरीत फंक्शनच्या नावापुढं कंस लावायचा नाही. कंस लावला की डिक्शनरी तयार होतानाच ते फंक्शन चालतं, म्हणजे प्रोग्राम उघडला की मेनू यायच्या आधीच "गिऱ्हाइकाचं नाव टाका" विचारायला लागतो.

साताऱ्याची_ताई
अजून एक वापरण्यातलं. बाकी दाखवून झाली की लगेच मेनू छापू नका, बाकीची ओळ वर सरकते आणि माणूस शोधत बसतो. फंक्शन झाल्यावर इनपुट("पुढे जायला एंटर दाबा") एवढं टाका. आणि जमा लिहिताना नाव आणि रक्कम परत दाखवून "बरोबर? हो की नाही" विचारा, उधारीला नाही विचारलं तरी चालेल पण जमेत चूक झाली की भांडणं होतात.

रकान्यांची यादी सरळ दिसावी म्हणून एलजस्ट लावणार असाल तर मराठीत ती वाकडीच दिसणार. पायथॉन काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतं, "कृष्णा" आपल्याला दोन अक्षरं पण त्याला सहा. म्हणून आधी रक्कम छापा आणि मग नाव, रक्कम इंग्रजी आकड्यात असली की रकाना सरळ येतो आणि नाव शेवटी कितीही लांब असलं तरी काही बिघडत नाही.

हरिपूरकर
डिक्शनरी केली, एंटरवालं टाकलं, यादीत रक्कम आधी आणली. मामा दोन्ही कीबोर्डवरून आकडे टाकतोय, काही पडत नाही. आता मामा म्हणतोय महिन्याअखेरीला सीएला द्यायला एक्सेलमध्ये पाहिजे. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी विचित्र चिन्हं येतात, नोटपॅडमध्ये मात्र बरोबर दिसतात.

कृष्णाकाठ
नोटपॅडमध्ये बरोबर दिसतंय म्हणजे फाइल चांगली आहे, एक्सेलला फक्त कळत नाहीये की ही यूटीएफ-८ आहे. रोजच्या फाइलला हात लावू नको. एक्सेलसाठी वेगळं फंक्शन कर, ते रोजची फाइल वाचेल आणि दुसऱ्या नावानं नवीन फाइल लिहील, तिथं एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दे. त्यानं फाइलच्या सुरुवातीला एक खूण लिहिली जाते, ती बघून एक्सेल मराठी नीट उघडतं. आणि डिक्शनरीत शेवटी एक ओळ वाढव, ५: ("एक्सेलसाठी फाइल काढा", एक्सेल_काढा). बाकी लूपमध्ये काही बदलायला लागणार नाही.

हरिपूरकर
झालं दादा. पाच नंबर शेवटीच टाकलाय, काकांनी सांगितलं तसं.